कागदाआधीची किल्ली

आईंना खाली उतरवायचं ठरलं होतं त्या सकाळी तुफान शीळ घालत होता, आणि थोरली सून हातातलं काम टाकून त्याच्याकडे वळली. तिच्या या धाकट्या दिराला सगळे तुफानच म्हणत, आणि त्याची शीळ दोनच वेळा ऐकू यायची: काम मनासारखं झालं की, नाहीतर कुणाला न विचारता केलं की. बहुतेक वेळा दोन्ही एकदमच झालेलं असायचं.

"काय केलंत भाऊजी?"

"मी? काही नाही. तुम्ही फक्त तिथं गेल्यावर आईचं तोंड बघा, वहिनी."

त्याच्या नखांच्या कडेला ताजा पांढरा रंग होता. पण त्याचं तिला काही वाटलं नाही. नखांत रंग नसलेला पुरुष या घरात तिने लग्न होऊन आल्यापासून पाहिलाच नव्हता. सासरे रंगारी, नवरा रंगारी, दीर रंगारी. जिथं जातील तिथली भिंत नखाने कोरून रंगाचे किती हात दिलेत ते बघायचं, ही या घराण्याची खोड. लग्नाला जेवायला गेले तरी आधी मांडवामागची भिंत कोरणार. सासऱ्यांनी तर शेवटच्या आजारात दवाखान्यात खाटेजवळची भिंत कोरली, "एकच हात मारलाय, चोर लेकाचे," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गेले. त्यांची शिकवण एवढीच होती की एकदा घर हातात घेतलं की एकही भिंत सोडायची नाही. एक भिंत सोडणं म्हणजे अर्धी दाढी करून गिऱ्हाइकाला रस्त्यावर पाठवणं.

जन्मभर लोकांची घरं रंगवणारं हे कुटुंब स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतं. आईंचं कंबरेचं हाड मोडल्यापासून त्या दोन वर्षांत एकदाही खाली उतरल्या नव्हत्या. आता तर डॉक्टरांनी दादाला, थोरलीच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पुढच्या वर्षाच्या गोष्टी त्यांच्यासमोर बोलू नका. आईंना ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्यांचं मागणं एकच होतं. "दार उघडलं की पायाखाली जमीन पाहिजे. जिना नको. बाकी कसंही चालेल."

तसं घर मिळालं होतं. तळमजला, दोन खोल्या, आणि मागच्या खोलीचं दार सरळ मातीत उघडणारं. इसार दिला होता, खरेदीखत मात्र व्हायचं होतं. कागद या टेबलावरून त्या टेबलावर गोगलगाईसारखे सरकत होते, आणि इकडे आई दिवसेंदिवस उशीत रुतत चालल्या होत्या. तेव्हा थोरलीच एकटी उठून घरमालकिणीकडे गेली आणि किल्ली मागून घेऊन आली.

यावरून घरात दोन तट पडले होते. एकीकडे थोरली आणि तुफान, दुसरीकडे दादा आणि ताई. ताई म्हणजे थोरलीची नणंद, दादाच्या पाठची. मोठ्या इस्पितळात नर्स होती, आणि माणसं कशी मरतात ते रोज बघत असल्यामुळे तिला कशाचंच फारसं कौतुक उरलं नव्हतं.

"कागद झाल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू नये," ताई म्हणाली होती. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. उद्या काही झालं तर?"

"काय होणारे, वन्सं? फक्त रंग देऊन ठेवायचा. कागद झाले की त्याच दिवशी आईंना न्यायचं."

"बाई काय म्हणाल्या नेमकं? शब्दाशब्दाने सांग."

थोरलीने सांगितलं होतं. घरमालकीण बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. जन्मभर लोकांना जोडून देण्याचं काम केलेलं, त्यामुळे अजूनही आधी समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायच्या, मग "एक मिनिट हं" म्हणायच्या, आणि मगच बोलायच्या. आईंना जमिनीला पाय लावून दोन वर्षं झाली हे ऐकल्यावर त्यांनी जुडग्यातून किल्ली काढून थोरलीच्या हातात ठेवली. शेजारी बसलेला त्यांचा पुतण्या नको म्हणत होता, तरी ठेवली. म्हणाल्या, "रंग द्या, फरशी घासा, काय हवं ते करा. फक्त मागची खोली राहू दे. ती मी अगदी शेवटी देईन. मी दुपारची येऊन बसते तिथं थोडा वेळ."

मागच्या खोलीत एक कपाट होतं, एक खाट होती. सामान हलवायला बाईंना सवड हवी असेल, असंच सगळ्यांना वाटलं.

*

आईंना उतरवायला तुफानने हाताच्या खुर्चीला शिडीचे बांबू बांधले होते. खरेदीखत आठ दिवसांवर आलं होतं, पण आईंनी आदल्या दिवसापासून जेवण टाकलं होतं, आणि ताईच म्हणाली होती, "दाखवून तरी आणू या. एक दुपार." ताई असं म्हणाली म्हटल्यावर थोरली समजायचं ते समजली.

पुढे दादा, मागे तुफान, मध्ये खुर्चीत आई. प्रत्येक वळणावर ताई हुकूम सोडत होती. आई डोळे मिटून एका हाताने भिंत चाचपत होत्या.

"आई, हात आत घ्या, खरचटेल," थोरली म्हणाली.

"खरचटू दे. दोन वर्षांत भेटली नाही ती मला."

तुफान हसला. दादाही हसला, आणि हसताना खुर्ची कलली म्हणून ताई त्याच्यावर खेकसली. खाली उतरेपर्यंत सगळे घामाघूम झाले होते, पण थोरलीला कित्येक महिन्यांनी हलकं वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यात सगळं सासूचंच सुख नव्हतं. दोन वर्षं ती आईंच्या खाटेशेजारी अंथरूण टाकून झोपत होती, रात्रीतून कितीदा तरी उठत होती. नव्या घरी आई मागच्या खोलीत झोपणार होत्या, आणि त्या खोलीला दार होतं, ते लोटून घेता येणार होतं. त्या दाराची स्वप्नं तिने पाहिली होती, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

नवं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. पुढची खोली, स्वयंपाकाचा ओटा, सगळं तुफानने पांढरंशुभ्र करून ठेवलं होतं. आईंनी उंबरठ्यावरच खुर्ची थांबवायला लावली आणि नाक वर करून वास घेतला.

"तेलरंग कुठं दिलाय रे?"

"बरोब्बर!" तुफान म्हणाला. "म्हातारीचं नाक बघा. चल, दाखवतो."

"अरे, पण..." थोरली म्हणाली. तोवर खुर्ची मागच्या खोलीच्या दारातून आत गेली होती.

कपाट खोलीच्या मधोमध ओढून जुन्या चादरीने झाकलेलं होतं. खाटही झाकलेली. फरशीवर रंगाचा एक थेंब नव्हता. भिंती वर दुधासारख्या, आणि खाली कमरेपर्यंत चकचकीत तेलरंग, आजारी माणसाच्या खोलीत पुसायला सोपा जावा म्हणून. मागचं दार सताड उघडं होतं, आणि दाराबाहेर माती, एक पेरूचं झाड, ऊन.

"कागद झाले की लगेच राहायला येता यावं म्हणून," तुफान म्हणाला. "काल दुपारी बाई येऊन गेल्यापासून मान वर केली नाही. पहिला हात काल रात्री, दुसरा आज पहाटे येऊन दिला. आठ दिवस थांबून मग इथं रंगाच्या वासात आईला ठेवायचं का? आत्ताच वास निघून जाईल."

आईंनी हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवले आणि बाहेरच्या उन्हाकडे बघत राहिल्या. त्यांचं तोंड खरंच बघण्यासारखं झालं होतं. पण थोरली ते बघत नव्हती, ती भिंतीकडे बघत होती.

या भिंतीवर एक पट्टा होता. तीन दिवसांपूर्वी कपाटावरचं जाळं काढताना तिने तो पाहिला होता. कमरेच्या उंचीवर, खाटेपासून सुरू होऊन दारापर्यंत, तिथून चौकटीवर, आणि चौकटीवरून कोपऱ्यातल्या मोरीपर्यंत गेलेला. तपकिरी, तेलकट, मधेमधे काळपट. रंगाऱ्याची बायको ती. तिने तुफानला हाक मारून सांगितलं होतं, "भाऊजी, हा पट्टा बघा. हा सोड्याने धुऊन, पॉलिश पेपरने घासून घ्यावा लागेल. नाहीतर कितीही हात द्या, वर येणारच." तुफानने नखाने कोरून बघितला, मान डोलावली. एवढंच झालं होतं. रंगव असं ती म्हणाली नव्हती. रंगवू नको असंही म्हणाली नव्हती.

आता तिथं पट्ट्याचा मागमूस नव्हता.

"तुला मागची खोली सोडायला सांगितली होती ना?" दादाने विचारलं.

"दादा, तुला बाबांचं माहीत आहे ना. एक भिंत सोडायची म्हणजे..."

"बाबांचं राहू दे! बाई काय म्हणाल्या होत्या?"

"सामानाला हात लावू नका म्हणाल्या असतील. सामानावर ओरखडा दाखव मला. अरे, त्यांना आवडेल. कुणाला स्वच्छ खोली आवडत नाही?"

ताईने आईंच्या खुर्चीला धरून ती पुढच्या खोलीकडे वळवली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाई यायची वेळ झाली. दादा, काय करायचं?"

दादा सरळ माणूस. उरलेला चमचाभर रंगसुद्धा गिऱ्हाइकाला परत करणारा. तो म्हणाला, "दार लावून घेऊ. कडी अडकली म्हणून सांगू. आठ दिवस कसेतरी काढू. एकदा सह्या झाल्या की मग पाय धरू."

आणि ताई, जी पहिल्यापासून या सगळ्याच्या विरुद्ध होती, ती म्हणाली, "नाही. आल्या आल्या सांगायचं. चूक झाली म्हणायचं. दादा, त्यांनी कागदाआधी किल्ली दिलीय आपल्याला, आणि त्यांना आपण त्यांच्याच घरात खोलीबाहेर ठेवायचं?"

"आईचं बघ की आधी!"

"आईचंच बघतेय."

तीन दिवसांपूर्वीचे तट पार उलटेपालटे झाले होते. दोघांनी थोरलीकडे बघितलं. थोरलीला ताईचं पटत होतं, पण डोळ्यांपुढे ते दार होतं, आणि ती आईंची उशी सारखी करू लागली. दादाने पुढे होऊन मागच्या खोलीचं दार ओढलं. नव्या रंगाने फुगलेलं दार चौकटीत बसलंच नाही.

तेवढ्यात बाहेरून चपला काढल्याचा आवाज आला.

*

टेलिफोनवाल्या बाईंनी आत येऊन आईंना वाकून नमस्कार केला. दोघींचं वय फारसं पुढंमागं नव्हतं, पण एक उभी होती आणि एक खुर्चीत, म्हणून केला असावा.

"बरं झालं आलात. जमिनीला पाय लागले का?"

"नाही अजून," आई म्हणाल्या. "मुलं उचलूनच फिरवतायत, देव फिरवल्यासारखी."

"मागच्या दाराने माती आहे. एक मिनिट हं, मी जरा आत जाऊन येते, मग लावू पाय."

"बाई," ताई पुढे झाली, "आधी जरा ऐकता का..."

पण बाई रोजच्या सवयीने निघाल्याही होत्या. त्यांनी न लागलेलं दार ढकललं, आणि न बघताच डावा हात चौकटीवर ठेवला. तिथून तो भिंतीवर नेला आणि कमरेच्या उंचीवरून सरकवत खाटेकडे दोन पावलं गेल्या. मग थांबल्या. हात भिंतीला चिकटत होता. तेलरंग अजून वाळला नव्हता.

त्यांनी हात उलटा करून बघितला. तळवा पांढरा झाला होता. भिंतीवर चार बोटांचे लांब ओरखडे उमटले होते. तुफानचा हात सवयीने कोपऱ्यातल्या ब्रशकडे गेला आणि मध्येच थांबला.

बाई फार शांतपणे बोलल्या. वाट चुकलेल्या फोनवर बोलावं तशा.

"इथं त्यांच्या हाताची खूण होती."

"कुणाच्या?" दादाने विचारलं, खरं तर त्याला कळलं होतं.

"आमच्या ह्यांच्या. घड्याळजी म्हणायचे सगळे. घड्याळं दुरुस्त करता करता डोळे गेले त्यांचे. मग खाटेवरून उठायचं, भिंतीला हात लावायचा, भिंतीभिंतीने मोरीपर्यंत जायचं, तसंच परत यायचं. मला हाक मारायचे नाहीत. म्हणायचे, तू दिवसभर लोकांच्या हाका ऐकतेस, घरी तरी नको." त्यांनी भिंतीकडे बघितलं. "मी रोज येऊन त्यावरून हात फिरवते. माझाही तोच रस्ता झालाय आता. म्हटलं होतं, शेवटच्या दिवशी एकदा फिरवीन आणि मग देऊन टाकीन. मग तुम्ही रंगवा, पाडा, काय वाटेल ते करा."

"बाई, मला माहीत नव्हतं हो," तुफान म्हणाला. त्याचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा झाला होता. "मळ समजून... मी पुसून देतो. रंग ओला आहे, काढतो सगळा. खालचं सगळं..."

"खालचं काय आहे?"

खालचं तुफानने सोड्याने धुतलं होतं, पॉलिश पेपरने गुळगुळीत होईतो घासलं होतं, वर प्रायमर दिला होता. तो काम चांगलं करायचा. वाईट केलं असतं तर काहीतरी उरलं असतं.

"मूर्खा!" दादा ओरडला आणि त्याने भावाची कॉलर धरली. "जन्मात एकदा तरी विचारून काही कर! आईच्या मुळावर उठलास तू!"

तुफानने हात वर केले नाहीत. त्याने एकदा थोरलीकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. त्या एका नजरेत थोरलीला सगळं कळलं. तो सांगणार नव्हता. मार खाईल, जन्मभर ऐकून घेईल, पण वहिनींनी पट्टा दाखवला हे तो बोलणार नव्हता.

"सोडा त्यांना," थोरली म्हणाली. "मी सांगितलं होतं. पट्टा घासावा लागेल म्हणून मीच दाखवला. मला ही खोली लवकर हवी होती."

दादाने कॉलर सोडली. ताई थोरलीकडे बघत राहिली, रागाने नाही, जरा नव्याने बघितल्यासारखी. थोरलीला वाटलं, आता बाई बोलतील, शिव्या देतील, रडतील. तसं झालं असतं तर पाय धरता आले असते.

बाई म्हणाल्या, "कुणी का सांगितलं असेना." आणि रंगाचा हात तसाच अंगापासून लांब धरून त्यांनी दुसरा हात पुढे केला. "किल्ली द्या."

"बाई, असं नका करू," ताई म्हणाली. "तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या. पण आमच्या आईला वेळ नाहीय हो. मी नर्स आहे, मला कळतं."

"मलाही कळतं. त्यांना बघितल्यावर लगेच कळलं." बाईंनी पुढच्या खोलीकडे बघितलं. "माझा तुमच्यावर राग नाही असं नाही म्हणत मी. आहे. पण रागापायी घर द्यायचं नाही म्हणतेय असं नाही. आता मी सही केली, तर ह्यांना मीच पुसलं असं होईल. ते मला जमणार नाही. इसार पुतण्याकडून परत पाठवते."

"आम्ही कोर्टात..." दादाने सुरुवात केली, आणि स्वतःच थांबला. कोर्टात कदाचित जिंकलेही असते. पण निकाल ऐकायला आई असायला हव्या होत्या ना.

थोरलीने कमरेची किल्ली काढली आणि बाईंच्या स्वच्छ हातावर ठेवली. आपल्या हाताने मागून आणलेली, आपल्याच हाताने परत.

पुढच्या खोलीतून आईंचा आवाज आला. "अरे, मला मागच्या दाराशी न्या."

त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या घरात ऐकू न येण्याइतक्या भिंतीच कुठं होत्या? दोघा भावांनी, एकमेकांकडे न बघता, खुर्ची उचलून मागच्या दाराबाहेर मातीत ठेवली. ताईने आईंच्या पायातले मोजे काढले. पाय सुजून गुळगुळीत झालेले, तान्ह्या मुलाचे असावेत तसे. बाई स्वतः वाकल्या आणि एका हाताने त्यांनी आईंचा एकेक पाय धरून मातीवर टेकवला.

आईंनी बोटं हलवली. माती उन्हाने तापली होती.

"ऊन आहे," त्या म्हणाल्या. मग टाचाही मातीत रुतवल्या. बाई शेजारी उभ्या होत्या. शेवटी आईच म्हणाल्या, "बास. चला वर."

*

जाताना खुर्ची जड नव्हती, येताना झाली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दादाला धाप लागली, म्हणून खुर्ची टेकवली. आईंनी डोळे मिटले होते. खुर्ची कलली की त्यांचा हात आपोआप भिंतीकडे जात होता आणि भिंतीला धरून राहत होता.

थोरली मागून मोजे आणि उशी घेऊन चढत होती. तिचं लक्ष त्या हाताकडे गेलं, आणि मग हाताखालच्या भिंतीकडे. जिन्याच्या त्या भिंतीवर, कमरेच्या उंचीवर, खालपासून वरपर्यंत तपकिरी तेलकट पट्टा होता. आईंची कंबर चांगली होती तेव्हाचा. भाजीची पिशवी एका हातात, दुसरा हात भिंतीला, असं त्या वर्षानुवर्षं चढल्या होत्या. रोज चार-चारदा या जिन्याने जाऊनही तिने तो कधी पाहिला नव्हता. भाड्याच्या इमारतीचा जिना, तो रंगवणार कोण?

तुफान खुर्चीमागे भिंतीला टेकून उभा होता. त्याचे डोळे कोरडे होते आणि कुठंच बघत नव्हते. बघता बघता, खोडच ती, त्याचा अंगठा भिंतीकडे गेला आणि नखाने पट्ट्याची कड कोरू लागला. एक बारीक पापुद्रा सुटून पायरीवर पडला.

थोरलीने उशी टाकली आणि त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या, भाऊजी."

त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग आईंच्या हाताकडे. आणि तो एवढा मोठा माणूस तिथंच पायरीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय झालं ग?" आईंनी डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही, आई," थोरली म्हणाली. "भिंतीला धरून बसा घट्ट."

मग दोघा भावांनी बांबू पुन्हा खांद्यावर घेतले. अजून एक मजला चढायचा होता.